रॉंग नंबर छे

सुरत, गुरुवार संध्याकाळ

अनोळखी नंबर आला की मी आवाज बदलून गुजरातीत सांगतो, "रॉंग नंबर छे." फसवणारे मग नाद सोडतात. आज दुपारीही तेच केलं. पलीकडची बाई म्हणाली, "माफ करजो, भाऊ," आणि फोन ठेवला.

ती आई होती. गावाहून आलेली, मोबाइल बंद पडलेला, भेस्तान स्टेशनवर कुणाचा तरी फोन मागून घेतलेला. शेवटी पत्ता विचारत चालत घरी आली.

आवाज ओळखीचा वाटला होता का? वाटला होता. हल्ली आवाजही नकली काढतात, अशी मनाची समजूत घातली. "माफ करजो, भाऊ." मला म्हणाली ती.

जेवताना म्हणाली, "तुझा नंबर पाठ होता रे. आता डोकं चालत नाही. लिहून दे."

दिला लिहून. बराच वेळ कागद बघत राहिली.

"हाच तर लावला होता."