उलट्या बाजूची शिवण

आमच्या टेलरमास्तरीणबाईंना सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे. खोकलाही गेलाय, जवळजवळ.

काल शिवणकारखान्यात मशिनी थांबवून आम्ही आपल्याकडचं निवडणुकीचं भाषण ऐकलं. पंतप्रधान व्हायला निघालेला तो गडी काय बोलतो! माझ्याही अंगावर काटा आला. समोरचा उमेदवार बोलताना अडखळतो, पण साथीच्या वर्षी आरोग्यमंत्री असताना रुग्णांसाठी दवाखान्यातच मुक्काम ठोकून होता. तू कपडा उलटा करून आधी शिवण बघतेस ना, तसंच बघून मत दे.

आईचा गुडघा कसा आहे?

खरं सांगू? त्या मापानं माझंही डिपॉझिट जप्तच. तीन वर्षं प्रत्येक पत्रात ‘उन्हाळ्यात नक्की येतो’ असं लिहितोय. म्हणून या वेळी तारीख लिहीत नाही. दार वाजलं की उघड.

तुझा जुनाच उमेदवार