डावीकडच्या पानावरच्या बाई

बाई, मी तुमच्यावर एक गोष्ट लिहिली आणि ती इथे जर्मनीत पुस्तकात छापून आली. तुम्ही असतात तर गॉगल डोक्यावर सरकवून म्हणाला असतात, "अरे वा! आण बघू इकडे." आणि तेच मला नको होतं. तुम्ही ती वाचू शकत नाही म्हणून मला हायसं वाटतं, आणि असं हायसं वाटण्याचीही लाज वाटते. तुम्ही गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर कळलं तेव्हा मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मीटिंगला जाऊन बसलो. ती लाज वेगळीच, तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

आपल्या इंग्रजी शाळेत बाकी सगळ्या 'मिस' होत्या, तुम्ही एकट्या 'बाई'. मराठीच्या तासाला आम्ही बाकाखाली गणित उरकायचो. तुम्ही स्कूटरवरून यायचात, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला मोठी चामड्याची पर्स, आणि वर्गात शिरतानाच कुणाची तरी फिरकी घेतलेली. एकदा 'माझी आई' हा निबंध आला. मी गाईडमधून उतरवला. पहाटे जात्यावर दळणारी, फाटक्या पदरानं घाम पुसणारी आई. तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत. "काय रे, तुझी आई बँकेत आहे ना? मग हे जातं कुठून आणलंस घरात? तिला गरीब करताना तिला विचारलं होतंस का?" वर्ग फिदीफिदी हसतोय, माझे कान गरम झालेत, आणि तुम्ही मात्र हसत नाही आहात. दुसऱ्या दिवशी मी खरं लिहून आणलं. आई बँकेतून येते, पाय लांब सोडून पेपर वाचत बसते आणि मला चहा टाकायला लावते. ते तुम्ही वर्गात मोठ्यानं वाचलंत. माझं लिखाण कुणी मोठ्यानं वाचण्याची ती पहिली वेळ. त्या एका वाचनावर मी अजून लिहितो, खोटं कशाला सांगू.

इथे उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात माझ्या ऑफिसात एक कोलंबियाची बाई आहे. सॉफ्टवेअर तपासते आणि कादंबऱ्या लिहिते. दोन दंतवैद्य बहिणींवरची तिची कादंबरी एका प्रकाशकानं परत पाठवली. म्हणे छान आहे, पण यात कोलंबिया कुठे आहे? त्याला गोळीबार हवा होता. मग तिनं पेरू, चिली, मेक्सिकोचे चारसहा लिहिणारे गोळा केले. शनिवारी लायब्ररीतल्या खोलीत जमायचं, एकमेकांचं ऐकायचं, कुठला प्रकाशक सरळ आहे ते एकमेकांना सांगायचं. मलाही तिनंच ओढून नेलं. "तुमचंही तेच दुखणं आहे," म्हणाली. त्यांचा एकच कडक नियम. आपलं दारिद्र्य सजवून विकायचं नाही. कुणाच्या गोष्टीत अनवाणी आजी आली की सगळे टेबल बडवून ओरडतात. मी पण बडवलंय टेबल, अगदी जोरात.

शेवटी एक छोटा प्रकाशक मिळाला. आम्हा सगळ्यांचं एक पुस्तक, डावीकडे ज्याची त्याची भाषा, उजवीकडे जर्मन. मी तुमची गोष्ट सरळ जर्मनमध्येच लिहिली होती. संपादिका म्हणाली, सुंदर आहे, पण या बाईंचं आयुष्य फारच सुखाचं वाटतं, त्यांना काही सोसावं लागलं नाही का? बस, एवढंच विचारलं तिनं. जबरदस्ती कुणीही केली नाही, बाई. मीच घरी येऊन तुमची स्कूटर काढून घेतली. तुम्हाला चालत आणलं, साडीला ठिगळ लावलं, आणि वर कहर म्हणजे डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायला लावली. संपादिकेला फार आवडलं. कोलंबियावालीनं नियमाप्रमाणे विचारलं, "हे असंच होतं ना?" मी म्हणालो, "गेनाऊ." अगदी असंच. तिनं विश्वास ठेवला.

मग डाव्या पानासाठी मराठी लिहायला बसलो आणि ठिगळाच्या वाक्यावर अडलो. जर्मनमध्ये ते सुळकन गेलं होतं. मराठीत हातच चालेना. तुमच्या पुढ्यात तुम्हाला ठिगळ लावायचं कसं? शेवटी मराठीत मी तुमची साडी कडक इस्त्रीची ठेवली, स्कूटर परत दिली, जात्याचा किस्साही घातला. जर्मन पान बदलायला वेळ होता. नाही बदललं. दोन्ही पानं वाचणारं इथे कोण आहे, असा हिशोब केला मी.

परवा पुस्तकाचं वाचन झालं. आधी मी मराठीत वाचलं, मग एका नटीनं जर्मनमध्ये. लोकांनी डोळे पुसले. एका म्हाताऱ्या जर्मन बाईंनी माझा हात धरला, म्हणाल्या, बिचारी तुमची शिक्षिका. मी "या, या", म्हणजे हो, हो, करत मान हलवली. कोलंबियावालीनं मला मिठी मारली. तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच देते. तिला मी हिशोबात धरलंच नव्हतं. परतीच्या ट्रेनमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आल्झो, म्हणजे बाबा, तुझ्या मराठी गोष्टीत त्या स्कूटरवरून येतात. जर्मनमध्ये चालत येतात, फाटक्या साडीत. खऱ्या कुठल्या?" ओरडून नाही, भांडून नाही. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. समोर बायको बसलेली, तीही माझ्याकडे बघतेय. किती सोपं होतं हो उत्तर. मराठीतल्या. एक शब्द.

मी तिला म्हणालो, "जर्मनमधल्या. माझं मराठी आता कच्चं झालंय गं, लिहिताना गडबड झाली."

तिनं मान डोलावली. तिला ते लगेच पटलं, बाई.