जर्मनीच्या वेळेवरचा कॅमेरा

कोल्हापूर,
१२ ऑगस्ट २०२५

आत्ती, लांबूनच तुझ्या पाया पडते.

संयोगिताताईचे पैंजण गेले कुठं? लग्नाला तीन महिने झाले, पण याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि या पत्रातही ते नाही.

तुझ्याकडचे काका आता घरातल्या घरात फिरतात असं कळलं. बरं वाटलं. आपली म्हैस व्याली, रेडी झालीय. मी गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेते. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, असं त्यांना शिकवताना माझी जीभ अडखळते.

कॉलेजनं मला जर्मनीला पाठवलं होतं, तिथून मी कॅमेरा घेऊन आले. लग्नाच्या धावपळीत त्यातून चारच फोटो काढले. त्यातला एक ताईच्या पायांचा, अगदी जवळून. मेंदी आणि पैंजण, बाकी काही नाही. इतर सगळे फोटो लोकांच्या मोबाईलमधले. पैंजण हरवल्यावर मी सगळे लॅपटॉपवर वेळेप्रमाणे लावले. आधी पैंजण घातलेले पाय. मग कुणाच्या तरी मोबाईलमधला, तू वाकून पैंजणाची सैल कडी घट्ट करताना. त्यानंतर पैंजण कुठल्याच फोटोत नाहीत. काका दवाखान्यात म्हणून अक्षता पडताच तू न जेवता हुपरीची एसटी धरलीस, तेही मी त्यात जोडलं.

लग्नानंतरच्या पूजेला तू आलीस तेव्हा सगळ्यांसमोर, ताईच्या सासरच्यांसमोरही, मी ते दाखवलं. भावकीतले आकारामकाका म्हणाले, "पोरगी भाईर जाऊन शिकून आलीया. फोटो खोटं बोलतोय व्हय?"

तू मलाच विचारलंस, "तेजू, तू बघितलंस व्हय मला घेताना?"

मी म्हणाले, "मी नाही. पण फोटोत दिसतंय."

आत्ती, कॅमेरा जर्मनीच्या वेळेवर होता. मोबाईल इथं उतरल्यावर आपोआप इथली वेळ धरतो, कॅमेऱ्याला ती सांगावी लागते. मी सांगितलीच नव्हती. पुढे जोतिबाला गेलो, तिथल्या मावळतीच्या फोटोखाली दुपारचे साडेतीन लिहिलेले दिसले. कॅमेऱ्यानं इथं काढलेले सगळे फोटो मी साडेतीन तास पुढे सरकवले. ताईच्या पायांचा फोटो तुझ्या फोटोच्या कितीतरी नंतर गेला. तू हुपरीला पोचली होतीस, तेव्हाही पैंजण तिच्या पायातच होते.

मी लॅपटॉप मिटला.

हे मी लिहायचं टाळत होते. जोतिबाला आम्ही जूनमध्ये गेलो होतो. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला विचारल्याशिवाय अप्पा कुठल्या कागदावर सही करत नाहीत. मी चुकले म्हटलं तर पुन्हा कोण विचारेल, एवढाच विचार केला. तुझं माहेर तुटलं, त्याचा नाही केला. राखीपौर्णिमेला अप्पा दुपारपर्यंत दारात बसले होते. आई म्हणाली, "उठा, जेवून घ्या. न्हाय यायची ती." ते तसेच बसून राहिले. मी त्यांच्या समोरून दोनदा गेले.

परवा रविवारी ताईच्या सासरचे जेवायला आले होते. आकारामकाकांनाही मी मुद्दाम बोलावलं. तोच लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं.

"म्हंजी यंत्र चुकलं म्हण की," काका म्हणाले.

"यंत्र बरोबर होतं काका. मी चुकले."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "कवा कळलं तुला?"

"जूनमध्ये."

"आन् काल मी दारात बसलेला बघितलास न्हवं?"

मी हो म्हणाले. ते माझ्याशी अजून बोललेले नाहीत. आईनं "पावण्यांच्या म्होरं कशाला" म्हणून माझा दंड धरला. तो सोडवून मी ताईच्या सासूबाईंसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "पैंजण माझ्या आत्तीनं घेतले नाहीत. तिच्यावर आळ मी घेतला."

तुझ्या भावाची मुलगी,
तेजस्वी