राणीसाहेबांचं जेवण

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

(बरोबर लिहिलं असेल तर शिकवणारी तू, चुकलं असेल तर लिहिणारा मी.)

तुझं पत्र काल पोचलं. तीनदा वाचलं, त्यात दोनदा रागाने. आठ वर्षं त्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढलंस, परक्यांची भाषा शिकलीस, आणि आता तुमच्या कॉन्व्हेंटच्या मदर म्हणतात, दहा एप्रिलला बॅग भर आणि दुसऱ्या देशात जा. का, तर तिथली एक सिस्टर आजारी पडली. तू लिहितेस, जाईन. पण अक्षर बघ की तुझं! एरवी मोत्यांसारखं, या वेळी नुसती मुंग्यांची पळापळ. तुला जायचं नाही, हे माझ्यासारख्या सातवी नापासालाही वाचता आलं.

मग नाही म्हणून टाक. मी पाच वर्षांत सहा कामं सोडली, एकदाही कोणाला विचारलं नाही. इथे बंदरातही मुकादमाशी वाजलंय, म्हणजे सातवं सुटायच्या बेतात आहे. दोघं मिळून घरी जाऊ. आई तुझी खोली अजून रोज झाडते. शेजारणींना सांगते, उंदीर होतात म्हणून झाडते.

उत्तर लगेच धाड. रागात आहे, पण लोभ जागच्या जागी आहे.

तुझा,
भिंगरी

ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो, आणि तुझ्या मुकादमालाही. त्याला जास्त गरज दिसते.

तू कामं सोडतोस तसं मला हे सोडता येत नाही, बाळा. पाठवाल तिथे जाईन, असं व्रत घेताना मी माझ्या तोंडाने म्हटलं. कोणी हात पिरगळला नव्हता. तेव्हा ते घरी जायचं डोक्यातून काढ. पण अक्षर तू बरोबर वाचलंस. त्याला कारण राणीसाहेब.

राणीसाहेब म्हणजे खिडकीजवळच्या पलंगावरची आजी. नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोरा तेवढा शाबूत आहे. ती फक्त माझ्या हातून जेवते. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि गप्प थांबायचं. तिच्या मनात येईल तेव्हा तोंड उघडणार. एका वाटीला पाऊण तास. दुसरं कोणी भरवायला आलं की दातखीळ. गेल्या वर्षी मी चार दिवस तापाने पडले, तर तिच्या पोटात चार दिवस पाण्याशिवाय काही गेलं नाही. नाकातून नळी घातली, ती तिने डाव्या हाताने उपसून टाकली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा असं झालं तर ही निभावणार नाही.

माझ्या जागी येणारी सिस्टर आलीय. पोरगी गुणी आहे, पण दोन आठवड्यांत राणीसाहेबांनी तिच्या हातचा एक घास घेतलेला नाही. मी मदरना सांगितलं. त्या म्हणाल्या, तारीख बदलणार नाही, तूच काहीतरी वाट काढ. रोज प्रार्थना करते, पण वाट काही दिसत नाही.

आईला यातलं लिहू नकोस. जीव लावून आहेस, तसाच राहा.

तुझी,
ताई

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

देव वाट दाखवत नाही म्हणतेस. मग ते काम त्याने माझ्यावर टाकलं असणार. त्याच्याकडेही माणसं कमी पडत असतील.

माझी इथली क्रेन जुनी आहे. ब्रेक उशिरा धरते, ओझं उचललं की डावीकडे मान टाकते. माझ्या आधी एक म्हातारा बावीस वर्षं तिच्यावर होता. दुसऱ्या कोणाच्या हाताला ती यायचीच नाही. त्याने मला कसं बसवलं ते सांगतो. आधी दांडा त्याच्या हातात, त्याच्या हातावर माझा हात. काही करू द्यायचा नाही. नुसता हात ठेव म्हणे, मढ्यासारखा. मग एके दिवशी हात बदलले. दांडा माझ्याकडे, वर त्याचा हात. मग तो पाठीमागे उभा राहायला लागला. मग शिडीवर. मग खाली. मी एकटा कधी झालो ते मलाच कळलं नाही, तर क्रेनला कुठून कळणार?

तसंच कर. त्या पोरीचा हात आधी तुझ्या हातावर ठेव. आणि मागे सरलीस की तोंड मिटून उभी राहा. म्हातारा एक शब्द बोलला तरी मी वळून बघायचो आणि घोटाळा व्हायचा. गप्प राहणं तुला जड जाईल, माहीत आहे मला.

मुकादमाला अजून काही बोललो नाही. आत्ता जागा सोडली तर तुझं पत्र कुठे येणार? म्हणून थांबलोय. उगाच डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

म्हातारीचं काय ते कळव. लोभ वाढला तर चालेल, कमी नको.

तुझा,
भिंगरी

ता. २२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. नवा पत्ता पाकिटामागे आहे.

तुझ्या म्हाताऱ्याचं सगळं ऐकलं. पहिल्या दिवशी राणीसाहेबांनी दोन हात पाहिले, मग माझं तोंड पाहिलं, आणि मेहेरबानी केल्यासारखं खाल्लं. हात बदलले त्या दिवशी पुन्हा दातखीळ. आम्ही एक पायरी मागे गेलो, चार दिवसांनी परत चढलो. मार्च संपता संपता मी पाठीमागे उभी, मग पलंगाच्या पायथ्याशी, मग दारात. गप्प राहणं खरंच जड गेलं.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन खिडकीबाहेर उभी राहिले. पोरीने चमचा ओठाला टेकवला, थांबली. राणीसाहेबांनी तोंड उघडलं. सबंध वाटी संपवली, आणि एकदाही मान वळवली नाही. तुझ्यापासून काय लपवू? महिनाभर देवाकडे हेच मागितलं आणि मिळालं तेव्हा झोंबलं मला. अंगणात उभी राहून रडले. मदर म्हणाल्या, रडायला गाडीत भरपूर वेळ आहे, आता नीघ.

इथे सहाजण माझ्या वाट्याला आलेत. भाषेतले मोजून चार शब्द येतात. त्यातले एक आजोबा त्या आजारी सिस्टरच्या हातचं जेवायचे. तिला एका सकाळी उचलून दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही. कोणाचा हात हातावर ठेवून घ्यायलाही तिला वेळ मिळाला नाही. तेव्हापासून आजोबा कसेबसे दोन घास खातात. काल मी चमचा धरला, तर त्यांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. मग मीही वळून दाराकडे पाहिलं. बराच वेळ आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो. सूप गार झालं. मी ते गरम करून आणलं आणि पुन्हा त्यांच्याजवळ बसले.

लोभ धरून राहा. जमलं तर कामही.

तुझी,
ताई