साखरपाण्याने भागणार नाही

तीर्थरूप आईस,

हैदराबादहून तनयाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आपल्या केरीत पोदेर पाव घेऊन येतो ना रोज? बाबांना सकाळी त्यातला एक उंडा खायला लाव, उपाशी राहू देऊ नकोस.

सगुणमामा बाबांना मधुमेहावर मुळी देतात, तिचा तुकडा मी गणपतीत, चवथीला घरी आले तेव्हा गुपचूप आणला होता. रागावू नकोस. नाव घेतलं की औषधाचा गुण जातो, म्हणून तुम्ही डॉक्टरांनाही सांगितलं नाहीत. मीही नाव विचारलं नाही, सरळ आमच्या प्रयोगशाळेत तपासली. साखरेची पोटात फोड करणारं जे एन्झाइम असतं, त्यालाच ती मुळी अडवते. मामा लबाड नाहीत, औषध खरं आहे. पण बाबा वर डॉक्टरांच्या गोळ्याही घेतात, दोन्हींनी मिळून साखर फार खाली जाते.

परवा बाबांना दरदरून घाम आला, हात थरथरले, साखरपाणी पाजलं तरी तासभर उठले नाहीत, असं तू फोनवर सहज सांगितलंस. पुढे विचारलं तर "मागीर सांगते" म्हणत पुढे ढकललंस आणि फोन ठेवलास.

आई, त्या मुळीमुळे तुझं साखरपाणी रक्तात लवकर उतरतच नाही. ग्लुकोज मात्र लगेच उतरतं, त्याला फोड लागत नाही. पेडण्याची शीतल आज गावी निघालीय, तिच्याकडे ग्लुकोजची पाकिटं देते. एक बाबांच्या खिशात असू दे. मुळी बंद कर आणि डॉक्टरांना दाखव. गुण गेला तर जाऊ दे.

सकाळपासून लावतेय, घरचा फोन नुसता वाजतोय, कुणी उचलत नाही. तू देवळात गेली असशील. पण बाबा तर घरीच असतात ना?

तुझी,
तनया