चिंचोक्यांवरचा कर आणि नैरोबीची मुदतवाढ

चि. मृण्मयीस हैदराबादच्या नारायणगुड्याहून माधवकाकाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा बोलतो आणि तुझी शांताकाकी बोलत नाही, एवढंच. (का बोलत नाही ते खाली येईल.) तुझी तब्येत कशी आहे? नैरोबीत जुलैत थंडी वाजते म्हणालीस, तेव्हापासून काकी लोकर घेऊन बसली आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे, कारण इंग्रजी शाळेमुळे मराठी वाचताना तू अजून शब्दाशब्दाला थांबतेस हे मला ठाऊक आहे. कंपनी तुला तिकडे आणखी तीन वर्षं ठेवू म्हणते, हो म्हणू का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी 'लेखी कळवतो' म्हणून सुटलो. (सगळी नोकरी विक्रीकर खात्यात गेली, त्यामुळे तोंडी उत्तर द्यायची जीभच नाही.) तेच कळवायला बसलो आहे. पण आधी घरची हकीकत, कारण उशीर तिच्यामुळे झाला.

तू आमच्याकडे राहून तारनाक्याला शिकत होतीस तेव्हाची आपली रविवारची रमी तू गेल्यावर बंद पडली होती. ती व्हिडिओवर खेळायची कल्पना तुझीच. काकीने पोथी ठेवायच्या लाकडी स्टँडवर तुझी पानं लावली, समोर फोन उभा केला, आणि वरच्या मजल्यावरची त्रिवेणी तुझी पानं न बघता (असं ती म्हणते) तू सांगशील ते पान टाकू लागली. पहिलाच डाव तू मारलास आणि समोरचे सगळे चिंचोके तुझ्याकडे गेले. काकी किती हसली ते तू पाहिलंसच. नेमकं तेव्हाच मला आठवलं की आपल्या तेलंगणात पैजेची ऑनलाइन रमी बंद आहे. फोनवर म्हणजे ऑनलाइन, आणि चिंचोके म्हणजे पैज! मी फोन पालथा घातला. तुला 'नेटवर्क गेलं' असं सांगितलं गेलं, पण नेटवर्क शाबूत होतं, गेला होता तो मी.

त्या दिवसापासून काकीने माझ्याशी अबोला धरला. ताटात वरणभात, वर तूप नाही. दुसऱ्या दिवशी मी आपल्या गल्लीतल्या सुरेश वकिलाकडे गेलो आणि विचारलं की चिंचोके हैदराबादेत आणि जिंकणारी नैरोबीत, तर गुन्हा कुठे नोंदवतील? सुरेशने चष्मा काढून डोळे पुसले. (हसून आलेलं पाणी होतं.) 'काका, लाइट घ्या,' म्हणाला (म्हणजे मनावर घेऊ नका) आणि फीसुद्धा घेतली नाही, यावरून प्रकरणात दम नाही हे मी ओळखलं.

तेव्हा पुढच्या रविवारी मी रमीला रीतसर परवानगी दिली, पण तू राहतेस त्या देशाच्या धर्तीवर. कॅसिनोंनी सरकारचा कर नीट भरला की नाही हे तू तपासतेस, आणि तूच सांगितलंस की केनियात पूर्वी जिंकलेल्या रकमेवर कर होता, आता खात्यात पैसे घालताना आणि काढतानाही कापतात. मला त्या सरकारबद्दल फार आपुलकी वाटली. मी वाटीत चिंचोके टाकताना कर लावला, वाटीतून काढताना कर लावला, आणि वसुलीसाठी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेतला. दुपार संपेपर्यंत कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, सगळे चिंचोके डब्यात! त्रिवेणी 'इससे तो कैरम अच्छा' म्हणत वर गेली. काकीने फोनमध्ये तुला 'जेवून घे गं' म्हटलं आणि अबोला पुढे चालू ठेवला.

खरं सांगू? कायदा, कर ही सगळी माझी पळवाट आहे. डाव संपतो, तू हात हलवतेस, फोन काळा होतो, आणि स्टँडवरची तुझी पानं काकी लगेच उचलत नाही. तशीच बघत बसते. मला ते बघवत नाही. तुझ्यावर मालकी पुण्याच्या तुझ्या आईबाबांची, पण वहिवाट आमची, आणि वहिवाटीचं दुखणं कुठल्या कचेरीत दाखल करत नाहीत. असो. मुदतवाढीचा विषय विचाराधीन आहे, एवढं तूर्त कळावे.

तुझा,
माधवकाका

ता. क. : पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात काकीने पत्र ओढून घेऊन वाचलं. अबोला सुटला. पहिलं वाक्य असं होतं : 'पोरीने सरळ विचारलंय, सरळ सांगा.' तर सरळ सांगतो. घे मुदतवाढ. काम तुला आवडतं, तिकडे तुझं वजन आहे, आणि आमच्यासाठी परत आलीस तर काकी माझं तूप कायमचं बंद करील.

ता. क. दुसरा : वरचं लिहून झाल्यावर मी गच्चीत जाऊन बसलो. मागोमाग काकी आली आणि म्हणाली, ती येत नाही तर आपण जाऊ. मुशी नदीपलीकडे जायचं तरी मी कुरकुरतो, हे तू जाणतेस. तरी विचारतो : तुझ्या घरात आम्हा दोघांना महिनाभर जागा होईल का? मला कॅसिनो बाहेरून दाखवलास तरी चालेल. काकीला आतून बघायचा आहे.

ता. क. शेवटचा : हो म्हणायची घाई करू नकोस असं लिहिणार होतो, पण आम्ही पासपोर्टच्या कचेरीत जाऊनही आलो. काकीचा फोटो काही केल्या निघेना. तिथली मुलगी सारखी सांगत होती, 'अम्मा, हसना नक्को.' शेवटी काकी तिला म्हणाली, 'बच्चीके पास जा रइ मैं, हसूं नै तो क्या करूं?'