दारावरची बाई

प्रिय भिंगरी,

नळाला पाणी यायच्या आधी मी दोन्ही बादल्या रांगेत लावून आले होते. सासूबाई स्टोव्हची पिन सापडेना म्हणून सगळ्या घराला दोष देत होत्या, आणि तू माझ्या पुढ्यात लाकडी खोक्यावर बसून चहा पीत होतीस. मी तुझी वेणी घालत होते. एरवी तू मान हलवायचीस, पेड सुटायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. "वन्सं, जरा स्थिर बसायचं काय घ्याल?" असं म्हटलं की तू मुद्दाम आणखी हलायचीस. तुझ्या दादाने तुला भिंगरी हे नाव उगाच दिलं नव्हतं. पण त्या सकाळी तू हलली नाहीस. कप दोन्ही हातांत धरून म्हणालीस, "वहिनी, आज वरून घट्ट घाल. मानेपर्यंत अगदी घट्ट." मी म्हटलं, डोकं दुखेल. तू म्हणालीस, दुखू दे. मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. वेणी घातली, टोकाला काळी दोरी बांधली, डबे भरले आणि आपण दोघी निघालो. तेरा वर्षं झाली या गोष्टीला.

पुढचं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी मी ते ओळीने लिहिणार आहे, कारण मधली एक ओळ मी तुला कधी सांगितली नाही, आणि ती एकटीच लिहायला बसले तर माझा हात चालणार नाही.

मशीनचा पट्टा तुटून तुझा दादा गेला, त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी साहेबाने मला बोलावून एका कागदावर अंगठा घेतला आणि गिरणीच्या दारावर झडतीवाली म्हणून ठेवलं. खोली आपल्याकडेच राहील म्हणाला. पण ती कामाला जोडलेली. काम गेलं की खोली गेली. हे तो अगदी गोड बोलून म्हणाला होता. कागदावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणून तर मी वाचायला शिकले. फळीवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावरून, सुताच्या खोक्यांवरच्या छापावरून, एकेक अक्षर ओळखीचं करत. दीड वर्षाने ट्रंकेतली त्या कागदाची प्रत काढून वाचली. त्यात लिहिलं होतं की अपघात कामगाराच्या स्वतःच्या चुकीने झाला, आणि हे त्याच्या पत्नीला मान्य आहे. खाली माझा अंगठा. त्या दिवशी मी नेहमीसारखी कामावर गेले. कुणाला सांगणार होते? तुला मात्र अक्षरं शिकवायला घेतली, ओल्या बोटाने फरशीवर. तू माझ्यापेक्षा लवकर शिकलीस.

काम काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. संध्याकाळचा भोंगा झाला की दोनशे बायका रांगेत उभ्या. दिवसभर उभ्याने काम केलेल्या बायका आणखी पाऊण तास उभ्याच. एकेकीने दाराशेजारच्या खोलीत हिरव्या पडद्यामागे माझ्याकडे यायचं. चपला काढ, हात वर कर, केस सोड. केसांत सुताच्या लड्या लपवून नेतात असा साहेबाचा पक्का समज होता. इतक्या वर्षांत माझ्या हाताला लागलं ते एवढंच: एक तुटका कंगवा आणि अर्धी काडेपेटी. पोटुशी बाई आली तर पोट खरं आहे ना, ते मला हाताने बघावं लागायचं. आतलं पोर माझ्या तळव्याखाली हलायचं आणि ती बाई भिंतीकडे बघत राहायची. बाहेर मुकादम उभा. दर दोन मिनिटांनी मनगट बघायचा म्हणून तुम्ही त्याला घड्याळ्या म्हणायचात. झडती झाल्याची खूण म्हणजे सुटे केस. बांधलेल्या केसांनी कुणी दारातून बाहेर पडायचं नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणायचा, "गावाला घड्याळ कशाला पाहिजे? बायांचे केस सुटले म्हणजे सव्वासहा." आणि सासूबाई म्हणायच्या, "माझ्या घरात दोघी कामाला. एक केस सोडून येते, दुसरी सोडवून येते." आपण हसायचो. सकाळी मीच तुझी वेणी घालायची आणि संध्याकाळी मीच सोडायची, यावर हसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

तुझी वेणी मी अर्धीच सोडायचे. खालचे पेड मोकळे केले की लांबून पाहणाऱ्याला पुरायचं. एवढी एकच सवलत दारावरची बाई तुला देऊ शकत होती, आणि त्या दिवशी तू त्या सवलतीच्याच भरवशावर होतीस. पण मला सांगितलं नव्हतंस.

तुझी पाळी आली तेव्हा घड्याळ्याने पडदा बाजूला सारला. असं तो कधी करत नसे. कुणीतरी त्याच्या कानाला लागलं असणार. तो म्हणाला, "हिची नीट घे. वरपर्यंत." तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. तुझ्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. मी दोरी काढली, खालून पेड सोडत वर गेले, आणि मानेपाशी, जिथे सकाळी मी इतकं घट्ट ओढलं होतं तिथे, बोटाएवढी कागदाची सुरळी लागली. ती माझ्या मुठीत कशी आली ते मला कळलंसुद्धा नाही. मोकळे झालेले केस दोन्ही हातांनी झटकून दाखवले. घड्याळ्याने तोंड वाकडं केलं आणि पडदा सोडला. तू मागे न बघता निघून गेलीस. मी सुरळी माझ्या अंबाड्यात खोचली. झडतीवालीची झडती घेणारं कुणी नव्हतं.

इथवर मी तुझीच होते, एवढं तू मान. घरी पोचल्यावर ती तुझ्या हातात ठेवायची आणि तुझा कान धरायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

वाटेत नळापाशी थांबले. अजून उजेड होता. कागद थोडा उलगडला. अक्षर बघून आधी बरं वाटलं, कारण ते माझंच होतं, तुझ्या हातातून उतरलेलं. पहिली मागणी मी बोट ठेवून वाचली. बायकांची झडती बंद करावी आणि दारावरच्या बाईला काढावं. एवढं वाचून मी कागद पुन्हा गुंडाळला. दारावरची बाई. वहिनी नाही. मला वाटलं, हिला दादाची खोली नको, म्हातारी आई नको, मी तर नकोच. तुला विचारायला हवं होतं, एवढं साधं होतं ते. पण दारावर उभं राहून राहून मला विचारायची सवय राहिली नव्हती, बायांच्या अंगावरून मुकाट हात फिरवायची तेवढी झाली होती.

घरी तू ट्रंकेपाशी बसून केसांतून बोटं फिरवत होतीस. मला बघून दबल्या आवाजात विचारलंस, "वहिनी, माझ्या वेणीत तुझ्या हाताला काही लागलं का?" मी म्हटलं, "नाही गं. काय लागायचं?"

ती ओळ ही.

मग तू सगळं सांगितलंस. सकाळी कामगार खात्याचा तपासनीस येणार, त्याच्या हातात द्यायला अर्ज, एकसष्ट जणींची नावं आणि अंगठे, शेवटचा त्याच दुपारी घेतलेला. तू म्हणालीस, गिरणीतच कुठेतरी पडला असेल, मशीनखाली वाकले होते तेव्हा; नाहीतर रस्त्यात. आपण दोघींनी खोलीची फरशी हाताने चाचपली. रस्त्याने गिरणीच्या फाटकापर्यंत वाकून बघत गेलो आणि आलो. मी तुझ्याबरोबर शोधत होते, भिंगरी. गटाराच्या कडेला एक कागद दिसला तेव्हा तू धावलीस, आणि मीही धावले. कागद तेवढा वेळ माझ्या डोक्यावर होता.

सकाळी तपासनीस आला. तुम्ही फाटकाशी त्याला गाठून तोंडी सांगितलंत. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "लेखी काही आहे का?" दुपारी तो गेला. तुम्ही नऊ दिवस काम बंद ठेवलंत, आणि मी आत, रिकाम्या दारावर, पडद्यापाशी रोज उभी राहिले. दहाव्या दिवशी सगळ्यांना परत घेतलं, तुला आणि आणखी चौघींना सोडून. दुसऱ्या गावी काम शोधायला निघालीस, तेव्हा गाडीत बसताना तू सासूबाईंच्या पाया पडलीस आणि माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "माझ्यामुळे झालं. मला एक कागद सांभाळता आला नाही."

तू गेल्यावर आठ दिवसांनी मी कागद पुरता उघडला. पिठाच्या डब्यात, तळाशी ठेवला होता. मागच्या बाजूला, अंगठ्यांच्या वर, शेवटची मागणी होती. दारावरच्या बाईला आत मशीनवर काम द्यावं. तिचा नवरा इथे कामावर असताना गेला, त्यात त्याची चूक नव्हती. तिची खोली तिच्याकडे राहावी. पहिली ओळ वाचून मी थांबले नसते, तर पान उलटायला कितीसा वेळ लागला असता?

सासूबाई होत्या तोवर म्हणत राहिले, या वयात यांना कुठे घेऊन जाऊ. त्या गेल्या त्यालाही दोन वर्षं झाली. त्यानंतर म्हणायला काही उरलं नाही, तरी गप्पच राहिले. रोज सकाळी एकच बादली भरते. तुझ्या दादाची टोपी अजून खिळ्यावर आहे, धूळ झटकून परत तिथेच अडकवते. तुझी पत्रं येतात. मागच्या पत्रात तू लिहिलंस की तिथल्या कारखान्यातल्या बाया तुला पुढे हो म्हणतात आणि तू नाही म्हणतेस. "माझ्या हातून कागद हरवतात," असं गमतीत लिहिलं होतंस. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला.

गेल्या सोमवारी नवी चौकशी आली. गावातल्या शाळेत एक अधिकारी तीन दिवस बसले होते, आणि पहिल्या दिवशी ते गिरणी बघायला आले. साहेब आता वेगळा आहे, बोलणं तेच. तो म्हणाला, "वीस वर्षांत झडतीबद्दल एकही लेखी तक्रार नाही. विचारा हिला, ही दारावरचीच बाई." अधिकाऱ्यांनी मला विचारलं की कधी काही कागद पाहिला का. मी म्हटलं, "माझ्या हाताला काही लागलं नाही." तेच उत्तर, तोच आवाज. संध्याकाळी रांग लागली. सुताच्या कांड्या भरणाऱ्या खात्यात नवी लागलेली एक मुलगी मैत्रिणीशी बोलत होती, सिनेमाबद्दल काहीतरी. बोलता बोलता तिने वेणी पुढे घेतली आणि माझ्यापर्यंत यायच्या कितीतरी आधी आपली आपणच सोडायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं लक्षसुद्धा नव्हतं, ती हसत होती. तिला लागून महिना झालाय. मी तिचे केस तपासले नाहीत, नुसती जा म्हटलं, आणि घरी येऊन पिठाचा डबा उपडा केला.

आता हे पत्र घाईने का लिहितेय ते सांगते. तुला सरकारी पाकीट येईल. त्यात विचारतील की तेरा वर्षांपूर्वीच्या अर्जावरचं अक्षर आणि पहिला अंगठा तुझाच आहे का, आणि अर्ज इतकी वर्षं कुणाकडे होता. ते यायच्या आत तुला माझ्याकडून कळावं. तुझ्या हातून कधीच काही हरवलं नव्हतं. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ. खोली महिनाअखेर सोडायला सांगितली आहे, तेव्हा उत्तर द्यायचं झालं तर या पत्त्यावर देऊ नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे दे, तो ठेवून घेईन म्हणालाय. मंगळवारी, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी कामावर गेले नाही. शाळेत गेले, कागद त्यांच्या टेबलावर उलगडला आणि एकसष्ट नावं मोठ्याने वाचून दाखवली, पहिलं तुझं. मग खाली, त्या मंगळवारचीच तारीख घालून, माझं नाव लिहिलं.

तुझीच,
वहिनी